पंधरा मिनिटं गप्प

आमच्या कलामंडळाच्या वार्षिक स्टुडिओ फेरीत कडक म्हणावा असा एकच नियम होता. कलाकाराच्या दारातून आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. वही काढायची, पेन्सिल काढायची आणि खोलीत दिसेल त्यातलं काहीतरी एक रेखाटायचं. त्याला एक पोटनियमही होता. भिंतीवर टांगलेलं, पुरं झालेलं काम काढायचं नाही. ते प्रदर्शनात बघायला मिळतंच, असं मंडळाच्या बाई म्हणत. ‘‘आज आपण पाहुणे नाही, चोर आहोत,’’ त्या दाराबाहेरच दबक्या आवाजात बजावायच्या, ‘‘आणि चोर आधी कपाट बघतो.’’

मी नववीत असताना आत्याच्या मागे लागून या मंडळात शिरले. सगळी मंडळी हौशी. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतले, एक निवृत्त सर्व्हेअर, आणि हिशेबाच्या वहीसारखी नेटकी जलरंगचित्रं काढणारे आमचे चिटणीस. वर्षातून एका रविवारी दोन-तीन स्टुडिओ पालथे घालायचे आणि बरोबर महिन्याने पुन्हा जमायचं. त्या दुसऱ्या बैठकीला ‘चोरीचा माल’ असं नाव पडलं होतं. तिथे प्रत्येकाने फेरीतून सुचलेलं काहीतरी करून आणायचं. चित्र, कविता, भरतकाम, काहीही चालेल, पण रिकाम्या हाताने यायचं नाही.

माझा पहिला स्टुडिओ एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापचित्रं करणाऱ्या एका काकांचा. आत पाऊल टाकताच शाई, टर्पेंटाइन आणि डांबरासारखं काहीतरी, असा मिश्र वास अंगावर आला. खोलीच्या मधोमध छापयंत्र होतं आणि त्याला जहाजाच्या सुकाणूसारखं मोठं चाक. सगळे वडीलधारे त्या यंत्राभोवती कोंडाळं करून बसले, त्यामुळे मला कोपरा मिळाला. यंत्राआडून एक शाईने माखलेलं स्टूल अर्धवट दिसत होतं, तेच मी काढलं. त्या पंधरा मिनिटांत मला निदान चार वेळा बोलावंसं वाटलं. पाचव्यांदा वाटलं नाही, कारण तोवर स्टुलाच्या कडेला वर्षानुवर्षं पुसलेल्या बोटांचे ठसे दिसायला लागले होते.

बाईंनी टाळी वाजवली आणि काका कामाला लागले. जस्ताच्या पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर चढवलेला होता. त्यावर सुईने रेघ ओढली की तेवढाच थर निघतो आणि खालचा धातू चमकतो. मग पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल फक्त उघड्या रेघेला खातं. जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल आणि कागदावर तितकी काळी. एखादी रेघ फिकट हवी असेल तर पत्रा मध्येच बाहेर काढून ती लाखेने झाकायची आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. खाल्ल्या जाणाऱ्या रेघेवर बारीक बुडबुडे बसतात. ते बाजूला सारले नाहीत तर रेघ तुटक येते. त्यासाठी काकांच्या हातात होतं पक्ष्याचं पीस! आम्लावरून ते पीस असं फिरत होतं, जसं कुणी झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत. कला म्हणजे कुंचला, अशी माझी तोवरची समजूत होती.

पुढचंही तितकंच गमतीचं. सगळ्या पत्र्यावर शाई फासायची, मग मलमलीने पुसायची आणि शेवटी हाताच्या तळव्याने. वरची शाई जाते, खाचांतली राहते. त्यावर ओलसर कागद, कागदावर जाड लोकरी फेल्ट, आणि चाक फिरवायचं. काका कागद एका कोपऱ्याला धरून उचलायला लागले तेव्हा आमचे चिटणीस, वय वर्षं पन्नास, चवड्यांवर उभे राहिले होते. चित्र उलटं उमटतं, त्यामुळे पत्र्यावर अक्षर लिहायचं तर तेही उलटंच लिहावं लागतं.

खरा खजिना मात्र खालच्या खणात निघाला. एकाच पत्र्याचे सात छाप. तिसऱ्यात एक झाड आहे, चौथ्यात ते घासून काढलेलं, पाचव्यात त्या जागी अंधार, आणि सहाव्यात अंधारातून झाडाचं नुसतं भूत. डच चित्रकार रेम्ब्रांनेही असंच केलंय, काका म्हणाले. त्याने 1653 साली केलेल्या ‘तीन क्रूस’ या छापचित्राच्या चौथ्या अवस्थेत आधी कोरलेली बरीच माणसं खुशाल काळोखात बुडवून टाकली. मी तोवर वहीचं पान बिघडलं की फाडायचे. त्या रविवारनंतर फाडणं बंद केलं असं म्हणणार नाही, पण फाडलेली पानं ठेवायला एक खोका आणला.

फेरीच्या आदल्या शनिवारी बाई आम्हाला दूरच्या एखाद्या स्टुडिओबद्दल सांगत. चित्रकार सेझानने 1902 साली फ्रान्समधल्या एक्स गावाबाहेर स्टुडिओ बांधला, तेव्हा मोठे कॅनव्हास दारातून निघेनात म्हणून भिंतीतच एक उंच, अरुंद फट ठेवून घेतली. शिल्पकार ब्रांकूसी एखादं शिल्प विकलं गेलं की त्या रिकाम्या जागी त्याची प्लास्टरची प्रत ठेवायचा, कारण खोलीतली मांडणीच त्याला शिल्पाइतकी मोलाची वाटे. आहे तसाच पुन्हा उभारण्याच्या अटीवर त्याने आपला स्टुडिओ फ्रान्सच्या सरकारला दिला. आणि सगळ्यांत आवडती गोष्ट चित्रकार फ्रान्सिस बेकनची. तो 1992 साली गेला. त्याचा लंडनमधला स्टुडिओ म्हणजे निव्वळ उकिरडा. 1998 मध्ये तो डब्लिनच्या ह्यू लेन संग्रहालयाला मिळाला, तेव्हा उत्खनन करावं तशी पुरातत्त्वज्ञांनी वस्तूवस्तूची नोंद घेतली. सात हजारांहून अधिक वस्तू निघाल्या, आणि त्यात स्वतः बेकनने सुरीने फाडलेले शंभरेक कॅनव्हास! ते सगळं 2001 मध्ये तिथे जसंच्या तसं मांडलं गेलं. हे ऐकून आत्याने घरी आल्यावर माझ्या खोलीबद्दल बोलणं वर्षभर सोडून दिलं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्ही मातीकाम करणाऱ्या एका ताईंकडे गेलो. त्या माती मळत होत्या. आत हवा राहिली तर भांड्याची भिंत सारखी येत नाही, म्हणून रेटून, गुंडाळून, पुन्हा रेटून. मग गोळा चाकावर बरोबर मधोमध बसवला. मातीने डुलणं थांबवलं तो क्षण मला आजही सांगता येत नाही. हात तसेच, चाक तसंच, फक्त इतका वेळ चाललेली झटापट संपलेली. बघता बघता वाडगा उभा राहिला, पातळ कडेचा, देखणा. आम्ही पंधरा मिनिटांची शपथ मोडून ‘‘वा!’’ म्हणणार, तेवढ्यात ताईंनी तार घेतली आणि तो वाडगा मधोमध चिरला. बँकेतल्या काकूंनी खरोखर किंकाळी फोडली. ताईंनी दोन्ही अर्धुकं आमच्यासमोर धरली. भिंत तळाशी जाड राहिली होती आणि खांद्याजवळ गरजेपेक्षा पातळ झाली होती. ‘‘बाहेरून कळत नाही,’’ एवढंच त्या म्हणाल्या आणि माती पुन्हा बादलीत टाकली.

त्याच दिवशी भट्टी उघडायची होती, म्हणून तर आम्ही तारीख ठरवली होती. पण भट्टी कुणाची तारीख पाळत नाही. ती अजून बरीच गरम होती. अध्यक्षांनी थोडा आग्रह करून पाहिला. ताई हसल्या आणि नाही म्हणाल्या. थंड हवा एकदम आत शिरली तर भांडी तडकतात. मग त्यांनी भाजण्याआधीची झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप, दाखवली. निळ्या रंगासाठी जो कोबाल्ट ऑक्साइड घालतात तो डब्यात चक्क काळा. तांब्याच्या झिलईचं त्याहून वरताण. भट्टीत हवा भरपूर खेळली तर हिरवी, हवा कोंडली तर लाल. आपण लावतोय तो रंग दिसतच नाही आणि तरी तो लावायचा, हे ऐकून आमचे जलरंगवाले चिटणीस अस्वस्थ झाले. पुढच्या आठवड्यात मी आणि आत्या दोघीच पुन्हा गेलो. भट्टीतून काढून ठेवलेल्या भांड्यांतून मधूनच टिण् टिण् आवाज येत होता. झिलईला केसासारख्या भेगा पडतात त्याचा. आम्ही दोघी त्या आवाजाखातर तासभर बसलो असू.

सगळेच स्टुडिओ असे नव्हते. एका शिल्पकाराकडे आम्हाला फक्त ओल्या फडक्यांत गुंडाळलेलं एक माणसाएवढं गाठोडं दिसलं, कारण माती सुकू नये म्हणून ते उघडायचं नव्हतं. एका चित्रकारांनी उत्तरेकडची खिडकी आणि तिच्यातून येणारा न हलणारा उजेड यावर इतका वेळ व्याख्यान दिलं की उजेड हलला नसला तरी आम्ही हललो. त्यांच्याकडून मी आरसा मात्र उचलला. चित्र आरशात उलटं बघायचं म्हणजे वाकडा डोळा लगेच पकडला जातो. लिओनार्दोनेही हा सल्ला लिहून ठेवला आहे. आजही मी तो पाळते आणि दर वेळी मनातल्या मनात खजील होते.

सगळ्यांत वाईट फेरी झाली ती सगळ्यांत चांगल्या स्वागताची. एका नामवंतांनी आम्ही येणार म्हणून स्टुडिओ लख्ख करून ठेवला होता. कुंचले उंचीप्रमाणे लावलेले, फरशी पुसलेली, अर्धवट कामं कुठल्याशा खोलीत कुलपाआड. भिंतीवर चित्रं उत्तम होती, पण ती तर काढायची नव्हती! तीस माणसं वह्या उघडून बसली आणि तिसांपैकी अकरा जणांनी एकच रबरी पायपुसणं काढलं. त्या वर्षीचा ‘चोरीचा माल’ अगदी रोडका निघाला. तेव्हापासून मंडळाच्या पत्रात तारखेखाली एक ओळ छापली जाऊ लागली: ‘कृपया आवरू नये.’

मालाची बैठक मला फेरीइतकीच प्रिय होती. मातीकामाच्या वर्षी चिटणीसांनी आयुष्यात प्रथमच ओल्या कागदावर रंग सोडून दिला आणि तो कुठे जाईल याची वाट बघत बसले. चित्र फसलं होतं, ते त्यांनी अभिमानाने आणलं होतं. बँकेतल्या काकूंनी एक जुनी साडी मधोमध कापून शिवणीची आतली बाजू वर काढून भिंतीवर लावायचा पडदा केला होता. विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘त्या वाडग्याचा सूड.’’

माझ्या जुन्या फेऱ्यांच्या वह्या परवा काढून बसले. त्यांत खुंट्या आहेत, फडताळं आहेत, गळका नळ आहे, रंगाने चिकटून बसलेलं झाकण आहे. आणि पहिल्याच वहीच्या पहिल्याच पानावर ते काकांचं स्टूल. ते माझ्या चित्रांत किती वेळा आलं याची गणती नाही. कधी त्यावर आजी बसली, कधी मांजर, कधी नुसतं ऊन. एका प्रदर्शनात तर लोक मला ‘स्टूलवाली’ म्हणायला लागले होते. काका आता थकलेत, छापयंत्र विद्यार्थ्याला देऊन टाकलंय. तरीही मी त्यांना ती चित्रं दाखवायला गेले, ऋण फेडल्यासारखी. त्यांनी चष्मा लावून एकेक निरखून पाहिलं.

‘‘छान आहे गं,’’ ते म्हणाले. ‘‘पण हे कुणाचं स्टूल?’’

‘‘तुमचंच की, काका! यंत्रामागचं.’’

‘‘छे. फरशी खालवर होती आमची, चार पायांचं डुगडुगलं असतं. माझं तीन पायांचं होतं.’’

वही पुन्हा उघडून पाहिली. यंत्राआडून दिसणारे दोन पाय दाब देऊन, नीट काढलेले आहेत. उरलेले दोन जरा फिकट आहेत.