अल्बमवर न थांबता निगेटिव्हपर्यंत: घरच्या स्कॅनरचा माझा अनुभव

वडिलांनी काढलेल्या फोटोंचे अल्बम आमच्याकडे सगळ्यांनी चाळून चाळून जुने केलेत. निगेटिव्हच्या पाकिटांना आणि स्लाइडच्या (प्रोजेक्टरवर दाखवायच्या, सरळ रंगांच्या फिल्मच्या) डब्यांना मात्र कुणी हात लावला नव्हता. अल्बममधले फोटो स्कॅन करणं केव्हाही सोपं, तरी मी निगेटिव्हच घ्यायच्या ठरवल्या. प्रिंट म्हणजे लॅबने त्या वेळी निगेटिव्हमधून जेवढं उचललं तेवढंच. कडा छाटलेल्या असतात, उजेडाची जागा पांढरीफटक झालेली असते. मूळ माल निगेटिव्हमध्येच असतो.

साधा स्कॅनर कागदावरून परतलेला प्रकाश वाचतो. फिल्मला आरपार जाणारा प्रकाश लागतो, म्हणून झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर घेतला. त्याच्यासोबत फिल्म धरायचे होल्डर येतात. ते फिल्मला काचेपासून किंचित वर ठेवतात आणि ते फार गरजेचं आहे. फिल्म काचेला टेकली की चित्रावर इंद्रधनुषी वलयं उमटतात, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. बाजूही बघून घ्यावी लागते. चकचकीत बाजू आपल्याकडे असेल तर कडेची अक्षरं सरळ वाचता येतात. उलट्या पडलेल्या फ्रेममध्ये शर्टाचा खिसा माणसाच्या उजव्या छातीवर जातो, त्यावरून लगेच कळतं.

खरा वेळ खाल्ला तो धुळीने. ३५ मिलिमीटर फिल्मची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर असते. २४०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला २४०० ठिपके) तिच्या साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल होतात. एवढ्या मोठ्या चित्रात डोळ्याला न दिसणारा कापसाचा तंतू कपाळावरून गेलेल्या दोरीसारखा दिसतो. म्हणून स्कॅनपेक्षा आधीच्या तयारीलाच मी जास्त वेळ देतो. हातात सुती मोजे, पट्टी फक्त कडेने धरायची, रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंवर हवा मारायची, मग मऊ ब्रश. तोंडाने फुंकर कधीच नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात आणि त्यांचे डाग राहतात. काचही दर खेपेला पुसायची.

इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने धूळ काढायची सोय माझ्या स्कॅनरमध्ये आहे आणि रंगीत निगेटिव्हवर तिचं काम पाहून मी थक्क झालो. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यामुळे नेमकी घाण कुठे आहे ते स्कॅनरला समजतं. कृष्णधवल फिल्मवर मात्र ही सोय बंदच ठेवायची. तिथे चित्र चांदीच्या कणांचं असतं, ते कणही इन्फ्रारेड अडवतात आणि चेहऱ्यालाच धूळ समजून सॉफ्टवेअर तो पुसायला जातं. तिथे एकेक ठिपका हाताने काढावा लागतो.

किती डीपीआय ठेवायचे यावर फार चर्चा होते. मी एकच फ्रेम २४०० आणि ४८०० अशी दोन्हीकडे स्कॅन करून पापण्यांचे केस शेजारी शेजारी मोठे करून पाहिले. माझ्या स्कॅनरवर नवा तपशील काहीच मिळाला नाही, फाइल मात्र चौपट झाली. ४८ बिट रंगात (म्हणजे रंगाच्या छटांची जास्त बारीक नोंद) २४०० ची टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी फाइल सुमारे ४६ एमबी होते, तेवढी मला पुरते. ४८ बिटांचा आग्रह मात्र मी सोडत नाही, कारण नंतर रंग ओढायचे म्हटले तर त्यातच वाव राहतो.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी थर असतो. फ्रेमागणिक सॉफ्टवेअरवर सोडून दिलं तर एकाच रोलमधला एक फोटो निळसर आणि पुढचा पिवळट येतो. मी दोन फ्रेममधली कोरी जागा आधी स्कॅन करतो, तिचा रंग आधार म्हणून लॉक करतो आणि मग अख्खा रोल त्याच बेतावर घेतो. आपोआप शार्प करणं बंद, हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची दोन्ही टोकं मोकळी. असा स्कॅन दिसायला फिका असतो, पण त्यात काही कापलं गेलेलं नसतं. आत्याचा दारातला फोटो असाच हाती लागला. अल्बममध्ये तिच्या मागे नुसता पांढरा चौकोन होता आणि कडेला कुणाचा तरी खांदा. निगेटिव्हमध्ये दाराबाहेरचं झाड पानांसकट आहे आणि खांदा काकांचा आहे, अख्खे काका उभे आहेत!

स्लाइडचं गणित वेगळं. त्यांच्यात गडद भाग फार गडद असतो, घरगुती स्कॅनरला तिथे धाप लागते. बऱ्याच स्लाइड लालसर झाल्या होत्या, कारण बंद डब्यातसुद्धा निळसर-हिरवा रंगद्रव्य आधी उडतो. लाल रंग कमी करून बऱ्यापैकी सावरतं. कोडाक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मच्या स्लाइड मात्र डब्यात छान टिकल्या आहेत. १९३५ साली आलेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली. तिलाही इन्फ्रारेड नीट चालत नाही, म्हणून त्या स्लाइड मी ब्लोअरवरच भागवतो.

फाइलना नावं देताना फिल्मच्या कडेवरचे आकडे वापरले. रोलचा फोल्डर, आत फ्रेमचा नंबर. तारीख कुणाला आठवत नसली तरी क्रम पक्का मिळतो आणि मागच्या-पुढच्या फ्रेमवरून प्रसंग ओळखता येतो. टिफच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, घरच्यांना पाठवायला जेपेग.

निगेटिव्ह टाकून द्यायचा प्रश्नच नाही. पीव्हीसी नसलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घालून कोरड्या, थंड जागी ठेवल्यात. काही जुन्या पट्ट्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पाया कुजू लागलाय. त्या वाफेने शेजारची फिल्मही लवकर बिघडते, म्हणून त्या वेगळ्या काढल्या आहेत आणि बाकी सगळं थांबवून आता त्याच आधी स्कॅन करतोय.