रस्त्याचा आवाज

मे महिन्यात आमच्याकडे इंजिनचं बारीक काम सकाळी सहाला सुरू होतं. होंडाच्या मॅन्युअलप्रमाणे टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरमधली फट, तपासताना इंजिनचं हेड ३८ अंशांच्या खाली असलं पाहिजे. नागपुरात या दिवसांत रात्रभर उभी असलेली गाडीसुद्धा दहा वाजता त्याच्या वर गेलेली असते. म्हणून जे गार इंजिनवर करायचं ते पहाटे, आणि दुपारी फक्त नट-बोल्टची कामं.

त्या शनिवारी एकाच घरातल्या दोन गाड्या एकामागे एक फाटकातून आत आल्या. अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. पुढे सरांची चंदेरी होंडा सिटी, २००१ची, १.५ व्हीटेक. मागे त्यांच्या मुलीची इलेक्ट्रिक एसयूव्ही, घेऊन वर्षही झालेलं नव्हतं. सर इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झाले. मुलगी मिहानमध्ये नोकरीला आहे. ती गाडी शिकली याच सिटीवर, आणि तिने घासलेला क्लच मीच बदलला होता.

सिटीची तक्रार सरांनी आधीच फोनवर सांगितली होती. सकाळी सुरू केल्यावर थरथरते, आणि वर ओढत नाही.

ज्यांनी ती गाडी चालवलेली नाही त्यांना हे 'वर ओढणं' समजावून सांगायला हवं. इंजिन दीड लिटरचं, १०६ हॉर्सपॉवर. आज हा आकडा कोणाला मोठा वाटणार नाही. पण पाच हजार आरपीएमच्या आसपास सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी तेलाची झडप, उघडतो, तेलाचा दाब रॉकरमधल्या छोट्या पिनांना ढकलतो, बाजूचे दोन रॉकर मधल्या तिसऱ्याशी जुळतात आणि इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त खोल, जास्त वेळ उघडायला लागतात. यालाच व्हीटेक म्हणतात. त्या क्षणी इंजिनचा गळा बदलतो. पायाखाली कळतं, सीटमध्ये कळतं, आणि लाल रेषेपर्यंत जायची घाई तुम्हाला नाही, इंजिनलाच होते. टर्बो नाही, मोटर नाही. फक्त हवा, तेल आणि कोणीतरी फार विचार करून घासलेला कॅम.

सोलेनॉइडखाली एक बारीक जाळी असते, अंगठ्याच्या नखाएवढी. तेल वेळेवर बदललं नाही की तिथे काळा गाळ बसतो आणि व्हीटेक लागतच नाही. किती तरी सिटी मी अशा पाहिल्या, ज्यांच्या मालकांना आपल्या गाडीत व्हीटेक आहे हे फक्त मागच्या स्टिकरवरून माहीत होतं. सरांची जाळी अर्धी बुजलेली निघाली. ती साफ केली. पेट्रोलचे रबरी पाइपही फुगून मऊ पडले होते. गाडी बनली तेव्हा २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉलशी माझं भांडण नाही, त्याचा ऑक्टेन चांगला असतो आणि रेसिंगवाले ते मुद्दाम वापरतात. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरा पर्याय ठेवायला हवा होता. पाइप सगळे बदलले.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर १७० पीएसआयच्या वर. तिसरा १२५. चमचाभर तेल प्लगच्या भोकातून आत सोडून पुन्हा घेतलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर तेलाने फट भरते आणि काटा चढतो. काटा १३०वर थांबला. म्हणजे रिंगा ठीक, हवा व्हॉल्व्हमधून जाऊन राहिली होती.

सरांना तसं सांगितलं. हेड उतरवावं लागेल, व्हॉल्व्ह जळला असेल तर नवा शोधावा लागेल, आणि आता तो सहज मिळत नाही. सर काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, "काका, माझी पण बघा ना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात काही नाही."

तिची तक्रार अशी. समृद्धी महामार्गावर ऐंशीच्या पुढे गेलं की मागून घूं-घूं आवाज येतो. तीन वेळा सर्व्हिस सेंटरला गेली. तिन्ही वेळा लॅपटॉप लावला, बिघाडाचा कोड आला नाही, आणि "मॅडम, काँक्रीट आहे ना, रस्त्याचा आवाज येतो" असं सांगून गाडी धुऊन परत दिली. ती म्हणाली, "पहिल्या तीन महिन्यांत हाच रस्ता होता, तेव्हा नव्हता आवाज." एवढं वाक्य कोणी ऐकून घेतलं असतं तर काम तिथेच अर्धं झालं असतं. बाईने गाडीची तक्रार सांगितली की काउंटरवरचा माणूस ती ऐकण्याआधीच उत्तर द्यायला लागतो. हे मी तीस वर्षं पाहून राहिलो आहे आणि आता मला त्याची चीड येते.

खरं सांगायचं तर तिच्या गाडीला हात लावायला मी कचरत होतो. माझं आयुष्य इंजिनात गेलं. दोष शोधायचा तर पेचकसाचं टोक ब्लॉकवर ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची. इथे कान कुठे लावायचा?

पण आवाज तर आवाजच असतो. समृद्धीवर गेलो नाही, तिथल्या काँक्रीटला स्वतःचा सूर आहे, त्यात काही वेगळं काढता येणार नाही. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला गुळगुळीत डांबराचा तुकडा आहे, तिथे गेलो. गाडी ती चालवत होती, मी मागच्या सीटवर, काचा बंद, एसी बंद, अंगातून घामाच्या धारा. सत्तरला आवाज सुरू झाला. म्हटलं, पाय दाबून ठेव. आवाज तोच. पाय काढ, रिजनरेशन लागू दे, म्हणजे मोटरच गाडीला अडवेल. तोच. न्यूट्रल कर. तरी तोच. म्हणजे मोटर नाही, गिअर नाही, त्यांचा आवाज भार बदलला की बदलतो. रस्ता मोकळा पाहून हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुकव म्हटलं. बेअरिंग असतं तर एका बाजूला वजन पडल्यावर आवाज वाढला असता. वाढला नाही. उरलं ते टायर.

परत येऊन गाडी लिफ्टवर घेतली. या गाड्यांचा सगळा तळ म्हणजे बॅटरी, त्यामुळे पॅड नेमून दिलेल्या चार जागांवरच लागले पाहिजेत. माझ्या पोरांना मी त्या दिवशी दोनदा थांबवलं. मागच्या डाव्या टायरवर तळवा ठेवून आतल्या कडेने फिरवला, एका दिशेने गुळगुळीत. उलट फिरवला तर करवतीचे दात. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजलेली, दुसरी उभी राहिलेली. तिचा हात धरून तिथे ठेवला. तिने दोन्हीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे मला वेड नव्हतं लागलं."

शेजारच्याच्या मशीनवर अलाइनमेंट पाहिलं. मागच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळलंय ते, बाहेर गेलेला होता. आपल्याकडे अलाइनमेंट म्हणजे पुढची दोन चाकं. मागच्या चाकांचा आकडा स्क्रीनवर लाल दिसत असला तरी पोरगा पुढचं हिरवं करून पावती फाडतो. साध्या गाडीत ते खपून जातं. पण ही गाडी दोन टनांवर जाते, सिटीच्या जवळजवळ दुप्पट. मोटर मागे, म्हणजे पळवण्याचा सगळा जोर मागच्या दोन टायरांवर, आणि पाय काढला की अडवण्याचाही त्यांच्यावरच. चाक तिरपं, वजन एवढं, रस्ता तापलेलं काँक्रीट. टायर झिजणार नाही तर काय होईल? समृद्धीवर टायर फुटून माणसं गेली आहेत, हे आम्हा नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. टो दुरुस्त केला, मागचे दोन टायर बदलायला सांगितले, कारण पडलेले दात अलाइनमेंटने बुजत नाहीत.

या गाडीची ताकद मी पाहिली नाही असं नाही. परत येताना तिने मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला. मान मागे गेली. आवाज नाही, गिअर नाही, वाट पाहणं नाही. मी आयुष्यात बांधलेलं कुठलंही इंजिन या गाडीच्या जवळ येणार नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटत नाही, ते खरं आहे. पण चौथ्यांदा दाबला तेव्हा जोर कमी जाणवला. बाहेर ४५ अंश होतं, बॅटरी गरम झाली की गाडी स्वतःच हात आखडता घेते. "काका, हे ट्यून करून वाढवता येईल का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. सगळं सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद. किल्ली कंपनीकडे.

चहा घेताना सरांनी जे विचारलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. "भाऊ, मग आता वेगवान गाडी म्हणजे काय राहील?"

युरोपने २०२३ मध्ये कायदा केला की २०३५ पासून नव्या गाड्यांतून कार्बन डायऑक्साइड शून्य. पुढे २०२५च्या डिसेंबरात त्यांच्याच आयोगाने ही शंभर टक्के कपात नव्वद टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव आणला. आपल्याकडे बंदीची तारीख नाही. पण तारखेची वाट कोण पाहतं? १ एप्रिल २०२०ला धुराचा बीएस ६ नियम आला तेव्हाच किती तरी चांगली इंजिनं गेली. मर्सिडीजच्या एएमजी सी ६३ मधलं चार लिटरचं व्ही ८ काढून २०२२ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर बसवली. ताकद वाढून ६८० हॉर्सपॉवरच्या घरात गेली, आणि लोक हळहळले ते आवाजासाठी. ह्युंदाईने आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आणि स्पीकरमधून इंजिनचा आवाज दिला. पुष्कळ लोक त्याला नाटक म्हणतात. मी म्हणत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांना कळलं आहे की चालवणाऱ्याला गाडीकडून उत्तर हवं असतं.

सरांना मी म्हणालो, पळणं आता सोपं झालं सर. दोन टनाला वळवणं, थांबवणं, टायरवर टिकवणं, उन्हात थंड ठेवणं, तिथे माणूस लागेल. म्हणालो खरं. पण माझ्याकडे आयटीआयमधून येणारी पोरं स्कॅनर लावतात आणि कोड नसला की माझ्या तोंडाकडे पाहतात. हात फिरवा म्हटलं तर लाजतात. यांच्यातलं कोण करणार आहे हे?

रविवारी पहाटे सिटी उघडायची होती. सहाला फाटक उघडलं तर सर आणि मुलगी दोघं उभे. तिने विचारलं, "मी बघू शकते ना?" व्हॉल्व्ह कव्हर काढलं. इनटेकचे गॅप ०.२० मिमीच्या आसपास, ठीक होते. तिसऱ्याच्या एक्झॉस्टवर फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतली, सर्वांत पातळ पट्टीही जाईना. गॅप शून्य. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, कित्येक महिने. मागे दोन सर्व्हिस सरांनी घराजवळ दुसरीकडे केल्या होत्या, बिलात 'टॅपेट चेक' लिहिलेलं आहे. कव्हरच्या बोल्टवरची धूळ सांगत होती की कोणी हात लावलेला नाही.

०.२५ची पट्टी तिच्या हातात दिली. लॉकनट मी सैल केला, स्क्रू फिरवत गेलो. सांगितलं, पट्टी अडली पण नाही पाहिजे, मोकळी पण नाही, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी ओढली गेली पाहिजे. ती डोळे मिटून ओढत राहिली. "जास्त. अजून जास्त आहे. आता थोडं... काका, थांबा, इथे लागतंय." मी तिच्या हातातून पट्टी घेऊन स्वतः ओढून पाहिली. बरोबर होतं. नट आवळला.

कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं. १२५चं १५५ झालं. बाकी तिघे १७०च्या वरच.

म्हणजे व्हॉल्व्ह थोडा तरी जळलेला आहे. कदाचित चालवून चालवून बसेल, कदाचित नाही. हेड उतरवायचं की हजार किलोमीटर चालवून पुन्हा घ्यायचं, सरांनी माझ्यावर सोडलं आहे. गाडी अजून गॅरेजमध्येच उभी आहे. मुलीने सांगितलंय, हेड उतरवणार असाल तर रविवारीच उतरवा.