सव्वीस किलोंचे पोते

शनिवार, रात्री

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एका पेढीवर प्रशिक्षणाला जाऊ लागून आज तीन आठवडे झाले. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रत्यक्ष कामाचे हे प्रशिक्षण 4 श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) आहे. आज मात्र श्रेयांकांचा विचारही मनात आला नाही.

सकाळी विक्रीची बिले टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत चढवत असताना एकाच गिरणीच्या एकाच तांदळावर दोन वेगळ्या नोंदी दिसल्या. 10 किलोंच्या पिशव्यांवर 5 टक्के जीएसटी लावला होता आणि पोत्यांवर काहीच नव्हता. कोणाच्या तरी हातून कर लावायचा राहिला असे समजून मी नोंद दुरुस्त करायला निघाले होते, पण आधी दिवाणजींना विचारले. ते काही न बोलता मला मागच्या गोदामात घेऊन गेले, थप्पीतल्या एका पोत्याची शिवण माझ्याकडे वळवली आणि निळ्या शाईत छापलेल्या ‘26 किलो’ या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, “पोरी, आधी वजन वाच, मग कर लाव.”

घरी येऊन नियम काढून वाचला. पूर्वी धान्यावरचा हा कर नोंदणीकृत किंवा कायद्याने हक्क सांगता येईल अशा नाममुद्रेच्या (ब्रँडच्या) बांधलेल्या मालालाच लागत असे; 18 जुलै 2022 पासून तो आधीच बांधून, वजनाचे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या 25 किलोंपर्यंतच्या सगळ्या धान्याला लागू झाला. ही मर्यादा आली वजनमापांच्या कायद्यातून, कारण त्याखालचे किरकोळ वेष्टनांचे नियम 25 किलोंच्या वरच्या धान्याच्या पोत्यांना लागू होत नाहीत. व्यापाऱ्याने एक किलो का वाढवला, हे तेव्हा उमगले. जीएसटीच्या पेपरात ‘कराचा दर वस्तूच्या वर्गीकरणावर ठरतो’ हे वाक्य लिहून मी पूर्ण गुण मिळवले होते, पण वर्गीकरण पोत्याच्या शिवणीपाशी बदलते हे मला ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षी आमच्या वर्गात प्रात्यक्षिकाच्या वह्या मागच्या तुकडीच्या वह्यांवरून उतरवल्या गेल्या, माझीही त्यातलीच. कोरा धनादेश चिकटवायचा, खाली माहिती लिहायची, सही घ्यायची. त्या वहीला प्रात्यक्षिक म्हणणे मला आज सहन होत नाही. तरीही पुस्तके गुंडाळून ठेवा आणि थेट बाजारात शिका, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. किर्द, खतावणी आणि तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स) हे हिशेबाचे धडे घोटून घेतलेले नसते, तर या दोन नोंदींमधली विसंगती माझ्या नजरेलाच पडली नसती. आणि दिवाणजींना 25 किलोंची रेघ तोंडपाठ असली, तरी ती तिथेच का ओढली, हे मला कायद्यातच सापडले.

निघताना दिवाणजींनीच मला एक प्रश्न घातला होता: 10 किलोंच्या तीन पिशव्या एका मोठ्या पोत्यात शिवून दिल्या, तर कर सुटेल का? सुटत नाही, कारण आतली प्रत्येक पिशवी स्वतंत्रपणे किरकोळ विक्रीची आहे आणि 25 किलोंच्या आतली आहे. याचे सरकारी स्पष्टीकरण मी छापून घेतले आहे. सोमवारी पेढी उघडताच ते त्यांच्या गादीशी बसून वाचून दाखवायचे आहे.