संदर्भ क्रमांक ४

फाळके जयंतीचं, म्हणजे ३० एप्रिलच्या पुरवणीचं पान रात्री आठला सोडायचं होतं. नुकत्याच रुजू झालेल्या शिकाऊ उपसंपादकाच्या मजकुरात एक ओळ खटकली: 'राजा हरिश्चंद्र'चा पहिला खेळ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात झाला.

"हे कुठून उचललंस?"

"सर, ऑनलाइन ज्ञानकोशातून."

माझा पट्टा सुरू झाला. तिथे कोणीही उठतो नि काहीही लिहितो, आपण छापील कागदाची माणसं, वगैरे. पोरगं शांतपणे म्हणालं, "सर, संदर्भ दिलाय," आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वाक्याच्या शेपटीला बारीकसा ४. खाली चौथा संदर्भ होता आमचाच पेपर, आमचीच पुरवणी. तारीख दहा वर्षांपूर्वीची.

तो लेख माझा होता.

जुनी बाइंड केलेली फाइल काढली. ओळ जशीच्या तशी. खरं तर २१ एप्रिलला ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट सर्वांसाठी लागला. जागा कमी पडली म्हणून मी दोन वाक्यांचं एक केलं होतं आणि त्यात एकाची तारीख दुसऱ्याच्या थिएटराला चिकटली. तेव्हा कुणाचंही पत्र आलं नाही. म्हणजे एक आलं होतं. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' हा चित्रपट १८ मे १९१२ लाच कॉरोनेशनला लागला होता, मग फाळके पहिले चित्रपटकार कसे, असं दरवर्षी विचारणाऱ्या गृहस्थांचं. ऑलिंपिया त्यांच्याही नजरेतून सुटलं.

मुलाने ज्ञानकोशातल्या त्या लेखाचा 'इतिहास', म्हणजे जुन्या बदलांची नोंद, उघडला, आणि मी पान सोडायचं विसरलो. आधी कुणीतरी दोन्ही तारखा, दोन्ही थिएटरं अगदी बरोबर लिहिली होती. पण पुस्तकाचं नाव दिलं नव्हतं. त्यावर 'संदर्भ हवा' अशी पाटी लागली. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला आमचं कात्रण सापडलं आणि त्याने प्रामाणिकपणे बरोबर वाक्य खोडून माझं चुकीचं वाक्य बसवलं. चर्चापानावर एकाने शंका काढलेली: ऑलिंपिया की कॉरोनेशन? उत्तर होतं, 'पेपरात छापून आलंय.'

कोणी, कधी, काय खोडलं, सगळं मिनिटासकट समोर होतं. आमच्या फाइलीत चूक नुसती पिवळी पडत जाते.

"मी लिहितो तिथे, की लेख माझाच होता, चुकलो," मी म्हणालो.

"चालणार नाही सर. तुमचा शब्द म्हणजे संदर्भ नव्हे. कुठेतरी छापून यायला हवं."

त्या दिवशी दुसऱ्यांदा गप्प बसलो. मुलाने वाचनालयातून फाळक्यांवरचं पुस्तक आणून तारखा ताडून घेतल्या, ओळ दुरुस्त केली. संपादक म्हणाले, "दहा वर्षांपूर्वीच्या चुकीचा खुलासा आज? लोक हसतील." तरी पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा दिली. त्यासाठी फाळक्यांचा फोटो थोडा कापावा लागला.

आठवड्याने मुलगा टेबलाशी आला. "सर, वाक्य बदललंय. दोन्ही तारखा आल्यात."

"आणि संदर्भ? पुस्तकाचा दिलास ना?"

"पुस्तकाचा पाचवा. चौथा अजून आपलाच आहे, फक्त तारीख नवी."