घाटाने बसवलेलं टोपण

कसब्यातल्या वाड्यात सकाळी सातचा कॉलटाइम होता. पावणेआठ वाजले तरी माझा बूम पाइपातच होता. दिग्दर्शक चौकात येरझारा घालतायत, बाई नऊवारी नेसून तुळशीवृंदावनाशी तयार, कॅमेऱ्याच्या पोरांनी फोकसची मापंही घेऊन ठेवलेली. आणि मी ओसरीवर मांडी घालून एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाला मिठी मारून बसलेला. दुसऱ्या टोकाला माझा असिस्टंट टोपण धरून ओढतोय. आमची रस्सीखेच बघायला लाइटची पोरं गोळा झाली होती. एकाने मोबाइलही काढला.

पाइप मीच बनवलेला, त्यामुळे ओरडायचं कोणावर हाही प्रश्न होता.

बूम म्हणजे माइक टोकाला लावून नटांच्या डोक्यावर धरतात ती काठी. माझा पाच नळ्यांचा, एकात एक जाणारा, कार्बन फायबरचा. मिटला की ८५ सेंटिमीटर, पूर्ण उघडला की साडेतीन मीटरच्या आसपास. वजन किलोच्या आत. चार-चार मिनिटांचा टेक हात वर करून धरायचा असतो, टोकाला ४१६ मॉडेलचा माइक, त्यावर केसाळ जॅकेट. अशा वेळी शंभर ग्रॅमही खांद्याला कळतात. म्हणून कार्बन. पण कार्बनची एक खोड आहे. लांबीच्या दिशेने तो भलता ताकदवान, आणि नळीची भिंत मात्र जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. बाजूने एखादी टोकदार वस्तू आदळली की अॅल्युमिनियमसारखा पोचा येत नाही. आतल्या आत चीर जाते आणि वरून काही दिसत नाही.

आधीचा बूम माझा असाच गेला. सोबत मिळालेल्या कापडी पिशवीत होता आणि टेम्पोत कोणीतरी त्यावर सी-स्टँडचे, म्हणजे लाइट लावायच्या स्टँडचे, लोखंडी पाय टाकले. दोन दिवस मला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी टेक चालू असताना बूम एका नटावरून दुसऱ्याकडे फिरवला की हेडफोनमध्ये बारीक 'कट्'. आधी वाटलं माझ्या बोटाचं हाड. मग माइक ज्यात झुलता बसवतात ते शॉकमाउंट बदललं, केबल बदलली. शेवटी एक रुपयाचं नाणं घेऊन एकेक नळी टकटक करत गेलो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, चिरेच्या जागी बद्द. तिसऱ्या नळीवर नाणं बद्द वाजलं. चिकटवायचीही सोय नाही, कारण नळ्यांमध्ये फट इतकी कमी की वर थेंबभर अॅराल्डाइट चढला तरी नळी आत सरकत नाही. तळहातात घुसलेली कार्बनची कुसळं काढायला सुई आणि आठवडा लागला, ते वेगळंच.

नवा बूम घेतला तेव्हा ठरवलं, आधी घर, मग पाहुणा.

त्या पंधरा दिवसांत मी पुणे पालथं घातलं. अप्पा बळवंत चौकात आर्किटेक्चरची पोरं खांद्याला अडकवतात त्या ड्रॉइंगच्या नळ्या पाहिल्या. लांबी कमीजास्त होते, दिसायला छान, पण हाताने दाबली की बसते. कागदासाठी ठीक. बुधवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे क्रिकेटच्या किटची एक भक्कम बॅग मिळाली होती, पण कड्याबिड्या धडपणे एकही नाही. मासेमारीच्या गळाच्या काठ्यांचे डबे चांगले असतात म्हणतात, ते पुण्यात कोणाकडे मिळेनात. आपल्याकडे खडकवासल्यावर गळ टाकणारा माणूस काठी सायकलच्या दांडीला बांधून नेतो.

मग पेलिकन कंपनीची १७२० नंबरची पेटी, मुळात रायफलींसारख्या लांब सामानासाठी, आतून १०६ सेंटिमीटर. टेम्पोखाली आली तरी बूम वाचेल अशी. पण पाऊण किलोच्या काठीसाठी आठ-नऊ किलोची पेटी, आणि किमतीत अर्धा बूम सहज. शिवाय स्टेशनवर असली पेटी खांद्यावरून नेताना पोलिस प्रेमाने हाक मारतात, हे एका मित्राने सांगितलं. तिच्या माहितीत एक ओळ वाचलेली आठवते: आपोआप चालणारा, हवेचा दाब सारखा करणारा छोटा वॉल्व्ह. वाचून मी हसलो होतो. पेटीला कशाला हवा श्वास?

शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीतून ११० मिलिमीटरचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप कापून आणला, एक मीटर. एक तोंड एंड कॅप सोल्युशनने कायमचं बंद. दुसऱ्या तोंडाला रबरी रिंगवालं टोपण. विमानाचा हिशेबही आधीच केला होता: लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा बऱ्याच कंपन्यांची असते, हा १२५ च्या आत बसतो. आत योगाच्या चटईचं अस्तर. गादीवाल्याकडचा फोम मुद्दाम टाळला, कारण तो पाणी पितो आणि वर्षभरात पिठासारखा झडतो. दोन्ही टोकांना चटईचेच गोल तुकडे एकावर एक रचून पाच-पाच सेंटिमीटरची गादी. ही टोकाची गादी लोक विसरतात. पेटी आडवी असताना सगळे जपतात. भिंतीला उभी टेकवलेली सरकून आपटते तेव्हा मार बुडाच्या केबलच्या सॉकेटला बसतो. बूमखालून एक नाडी बाहेर काढली, ओढली की बूम वर येतो. पाइप गडगडू नये म्हणून खाली लाकडाचे दोन ठोकळे. खर्च सांगितला तर पेलिकनवाले रडतील.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. पांढरा पाइप दिसला की आपल्या माणसांना तो पाइपच वाटतो. पहिल्याच दिवशी एक जण त्याच्यावर बसून वडापाव खात होता. वर लाल रंगाने 'बसू नये' लिहिलं, तेव्हापासून लोक त्यावर चहाचे कप ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात याच पाइपाला घेऊन महाबळेश्वरला दोन दिवसांचं शूट होतं. सुरूर फाट्याला वळून वाई, मग पसरणीचा घाट. पाचगणीला चहाला थांबलो तर टेम्पोवाले मामा म्हणाले, "साहेब, मागं घाटात ठप्प असा आवाज झाला. तुमच्या त्या नळीचं टोपण उडालं वाटतं."

मागे जाऊन पाहिलं तर टोपण खरंच निघून सी-स्टँडमध्ये पडलेलं. बूम जागच्या जागी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मामा, टोपण आपोआप उडत नसतं. तुमच्या क्लीनरने उघडून पाहिलं असणार. पोरगं बिचारं 'नाय ओ, नाय ओ' करत राहिलं. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी चहाचे पैसे मात्र स्वतःचे स्वतः दिले, एरवी ते माझ्या नावावर घेतात.

वर दोन दिवस धुकं आणि पाऊस. धुक्यात आवाज कसा ओला आणि जवळचा येतो ते कधीतरी वेगळं लिहीन. दुसऱ्या रात्री पॅकअप झालं तेव्हा मी थकलेलो आणि टोपणावर अजून चिडलेलो. बूम फडक्याने वरवर पुसला, मिटवला, पाइपात घातला. रबरी रिंगला ग्रीस लावलं, टोपण तळहाताने ठोकून ठोकून आत बसवलं, वरून गॅफर टेपचे चार वेढे. आता उडून दाखव म्हटलं. रात्रीच निघालो आणि पहाटे पुण्यात. सामान घरी न नेता सरळ कसब्यात.

तर ती सकाळ. टेप सोडवली, टोपण हलेना. फिरवलं तर ग्रीसमुळे जागच्या जागी गोल फिरतं, पण बाहेर म्हणून एक सूतही येत नाही. ही सगळ्यात विचित्र गोष्ट होती. अडकलेली वस्तू फिरत नाही. ही छान फिरत होती आणि निघत नव्हती.

सल्ले सुरू झाले. एकाने हातोडी आणली. आर्टवाल्याने हॅकसॉ. पाइप कापायला माझी हरकत नव्हती, पण करवतीचं पातं कुठे थांबेल याची खात्री कोण देणार? दिग्दर्शक म्हणाले, "दादा, लॅपलवर घेऊन टाकू." लॅपल म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक. नव्या कोऱ्या नऊवारीखाली तो लावला की पदराची सळसळ संवादापेक्षा मोठी. माझा जादा अॅल्युमिनियमचा बूम दुसऱ्या युनिटला भाड्याने गेलेला. एका पोराने वाड्यातला जळमटं काढायचा लांब झाडू आणून दिला, "यालाच बांधा की माइक." मी तो खरंच हातात घेऊन पाहिला, हे इथे कबूल करतो. तोल वाईट नव्हता.

वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक काकू राहतात. शूटिंगवाल्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. सकाळपासून दाराशी उभ्या राहून आमचा गोंधळ बघत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"काय भरलंयत त्यात? गरम होतं का भरताना?"

"नाही काकू, काठी आहे."

"मग कुठे भरलंत?"

"महाबळेश्वरला. रात्री."

"बरोबर. हवा बसलीय. भाजी गरम भरून डबा लावला की झाकण असंच धरतं. ओढून निघत नसतं ते. आण इकडे न्हाणीत."

न्हाणीत बंब पेटलेला होता. कसब्यात अजून बंब पेटतो याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मी घाबरून म्हटलं, उकळतं नको, पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो. काकूंनी बादलीत विसावण घातलं, हाताला जेमतेम सोसेल इतकं ठेवलं, आणि मी तांब्या टोपणावर ओतायला गेलो तर माझा हात धरला. "झाकणावर काय ओततोस? डब्यावर ओत. आतली हवा तापायला हवी ना!"

सात-आठ तांबे झाले. असिस्टंटने टोपण फिरवत ओढलं. ते आधी बोटभर आलं, मग आतून एक लांब 'हुस्स' झालं, श्वास आत घेतल्यासारखं, आणि टोपण हातात. लाइटच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सव्वाआठला पहिला टेक झाला.

जेवणाच्या सुट्टीत मी हिशेब मांडला. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. वरची हवा पुण्यापेक्षा साधारण नऊ टक्क्यांनी विरळ. मी ती विरळ हवा ग्रीस लावून पाइपात कोंडली आणि खाली आणली. पुण्याची हवा टोपण बाहेरून दाबून बसली. पुण्यात सकाळी उबदार होतं म्हणून आतली हवा थोडी फुगली असेल, तरी ११० मिलिमीटरच्या तोंडावर सहा-सात किलोचा भार पडतो. ग्रीसमुळे टोपण गोल फिरणार, पण ओढायला हा भार आणि ठोकून बसवलेल्या रिंगची पकड, दोन्हींशी एकदम झुंजावं लागणार. शाळेच्या पुस्तकात आतली हवा काढून जोडलेले गेरिकेचे अर्धगोल होते, दोन्ही बाजूंनी घोडे ओढतायत असं चित्र. त्या सकाळी ओसरीवर ते घोडे आम्ही होतो.

आणि हाच हिशेब उलटा केला की पसरणीचा घाट. पुण्याची दाट हवा आत, वर जाऊ तसा बाहेरचा दाब कमी, मग टोपण ठप्पकन उडतं. वेफर्सची पुडी घाटात फुगते तसंच. मला हे भातावर वरण ओतताना कळलं आणि पुढचा घास काही नीट गेला नाही.

बूम बाहेर काढला तेव्हा आणखी एक दिसलं होतं. नळ्यांच्या जोडांत पाणी. पाऊस आत येऊ नये म्हणून इतकं घट्ट लावलं की महाबळेश्वरचा पाऊसच आत बंद करून आणला. चटईला कुबट वास येत होता. आता ओला बूम कधीच मिटवून पेटीत जात नाही. सगळ्या नळ्या पूर्ण उघडायच्या, जोड सैल करायचे, पुसायचं, रात्रभर आडवा ठेवायचा. पॅकअपला दहा मिनिटं जास्त लागतात, प्रॉडक्शनवाले तोंड वाकडं करतात, करोत. जोडही कचकचून आवळून ठेवत नाही. नुसता हात लागेल इतकेच.

पाइप टाकून दिला नाही. टोपणाच्या कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, आतून औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावली. जखमेवर लावतात ती. हवा जाते, धूळ थांबते. भोक खालच्या बाजूला येईल असं बसवायचं, म्हणजे पावसाचं पाणी थेट आत येत नाही. मुसळधार असेल तर वरून प्लॅस्टिकची पिशवी. पेलिकनच्या वॉल्व्हवर हसलो होतो, तो हाच.

संध्याकाळी मामांना फोन केला. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुमच्या पोराला उगाच बोललो. टोपण खरंच आपोआप उडालं होतं, हवेमुळे.

मामा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "साहेब, वीस वर्षं घाट चढतोय. चिवड्याच्या पुड्या फुगतात, पाण्याच्या बाटल्या कडकड करतात. म्हटलं तुम्हाला माहीत असंल."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही आवाजातले जाणकार. मी काय सांगणार?"

पुढच्या खेपेला चहा माझ्या नावावर लागला. दोन. एक मामांचा, एक पोराचा.