ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये

डिजिटल थर्मामीटर काखेतून बाहेर येतो, त्यावर ३८.४ उमटलेलं असतं आणि घरात कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं की बऱ्याच थर्मामीटरांचं एकक बदलतं, तेच झालेलं असतं. कुणीतरी पुन्हा दाबतं, १०१.१ दिसतं आणि मग पाण्याच्या पट्ट्या, पॅरासिटामॉलची शोधाशोध. ताप मघापासून तेवढाच होता.

हेच घर मे महिन्यात ‘आज बेचाळीस’ एवढं ऐकून पडदे ओढून घेतं. अंगाबाहेर सेल्सिअस आणि अंगात फॅरनहाइट. मन लवचिक करा असं सगळे सांगतात, पण मन सगळीकडून एकदम वाकत नाही. एक कप्पा बदलतो, शेजारचा ढिम्म असतो.

याला कारण आपली गुणाकाराची खोड. १.८ ने गुणा, ३२ मिळवा, हे रात्री दोनला रडतं पोर मांडीवर घेऊन कोण करणार? त्यापेक्षा खुणा पाठ कराव्यात: ३७ ठीक, ३८ ताप, ३९ चांगलाच ताप, ४० म्हणजे डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ३८ लाच डॉक्टर. या खुणा एकदा बसल्या की फॅरनहाइटची आठवणही येत नाही. जुन्यात भाषांतर करत राहिलं की नवं कधी आपलं होतच नाही.

१ एप्रिल १९५७ ला अख्ख्या देशाला हे करावं लागलं. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, १९२ पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून तयार झालेली डोकी, आणि समोर दशमान. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार, म्हणून हातात सहा. म्हणजे रुपया एकेक आणा करून मोडला तर ९६ च पैसे. चार-चार आण्यांनी मोडला तर पुरते शंभर. अशा वेळी कोष्टकापेक्षा व्यवहारी डोकं उपयोगी पडतं. १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्दही गळला. चार आणे मात्र तोंडात राहिले ते राहिलेच, अगदी २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणं चलनातून जाईपर्यंत. आठाणे तर अजून आहेत.

सोन्याच्या बाबतीत आपण त्याहून चतुराई केली. शब्द ठेवला, वजन बदललं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सरळ दहाचा. म्हणून आजीची ‘पाच तोळ्यांची’ पाटल्यांची जोडी पेढीवर ५८ ग्रॅम भरते आणि नातवंडं खूश होतात, सोनं वाढलं म्हणून. उलटंही घडतं: जुन्या यादीतले तोळे नव्या तोळ्यांनी मोजून वाटण्या केल्या की दर तोळ्याला दीड ग्रॅमहून जास्त सोनं हिशेबाबाहेर राहतं, आणि भावाभावांत बोलणं बंद.

जमिनीत फरक दिसायला लहान, म्हणून जास्त फसवा. बोलताना गुंठा, सातबाऱ्यावर आर. दोन्ही एकच, असं सर्रास ऐकू येतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्यात सव्वा चौरस मीटरचाही फरक नाही, सोडा. पण एकराचे चाळीस गुंठे ‘चाळीस आर’ म्हणून लिहिले की जवळजवळ ४७ चौरस मीटर गेले. शहरात तेवढ्यात संसार होतो. एकर सातबाऱ्यावर ०.४०.४७ (हेक्टर, आर, चौरस मीटर) असा दिसायला हवा. शेवटचे ते दोन आकडे खरेदीखतावर सही करण्याआधी बोट ठेवून वाचावेत.

कापडाचं तर विचारूच नका. घ्यायचं मीटरने, शिंप्याची टेप इंचात, आणि लुगडं नऊ वारी. ‘सव्वाआठ मीटरी’ कुणी नेसल्याचं ऐकिवात नाही. लग्नाच्या बायोडेटातही उंची पाच फूट सहा इंच. १६८ सेंटीमीटरचा नवरा अजून कुणी मागितलेला दिसत नाही. मागेल तेव्हा मागेल.