आभारातला मीपणा

शनिवार, रात्र.

नाना पेठेतल्या घरगुती प्रार्थनासभेत आज साक्षीची वेळ, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते एकेकाने उठून सांगायची वेळ, बरीच लांबली. दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ती लांबतेच. "प्रभूने आमच्या मुलाला ९४ टक्के दिले," असे एका ताईंनी सांगितले, तेव्हा सर्वांनी हालेलुया म्हटले आणि मीही मनापासून म्हटले. परंतु ज्यांच्या मुलाचे यंदा दोन विषय राहिले आहेत, ते दाराजवळ बसलेले गृहस्थ त्या वेळी गीतांच्या पुस्तकाची पाने उगाच चाळत होते.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात जी प्रार्थना करतो, तिची सुरुवातच देवाचे आभार मानून होते, ही गोष्ट आपण उपदेश ऐकताना सहज विसरतो. तो खोटे बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास आणि उत्पन्नाचा दशमांश, हे तो खरोखरच करत असणार. बिघडते ते एवढ्यानेच, की आभार मानता मानता त्याची नजर तिथेच प्रार्थना करणाऱ्या, लोकांनी पापी ठरवलेल्या जकातदाराकडे वळते. प्रेषित पौलही गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो, की प्रत्येकाने स्वतःचे काम पारखावे, म्हणजे अभिमानाला जागा मिळेल ती स्वतःपुरती, दुसऱ्याशी तुलना करून नव्हे. अभिमानाला तो सरसकट मनाई करत नाही, याचे मला नेहमीच बरे वाटते.

कारण आपल्या मंडळ्यांत दुसरे टोकही पुष्कळ दिसते. "मी कोण, मी तर धूळ," असे म्हणणारी माणसे रविवारच्या शाळेची जबाबदारी नेमकी टाळतात, आणि गाणे छान झाले असे कोणी म्हटले तर इतके आढेवेढे घेतात, की बिचाऱ्याला तीच स्तुती पुन्हा करावी लागते. (आमच्या गायकवृंदात अशा दोघी आहेत.)

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये दिलेली 'पंडिता' ही पदवी ख्रिस्ती झाल्यावरही त्यांच्या नावामागे राहिली, आणि १८९० मध्ये पुण्यात आणलेल्या शारदा सदनाच्या, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेच्या, कामात त्या नावाचे वजन कामी आले असणारच. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी बायबलचे भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायकांना समजावे अशा मराठीत. अंगची विद्या नाकारून हे काम झाले नसते, आणि ती मिरवूनही झाले नसते.

माझ्या मुलीला हिंजवडीत नोकरी लागली, त्याबद्दल उद्याच्या उपासनेत उपकारस्तुतीचे पाकीट द्यायचे आहे. पाळकसाहेब पाकिटावरचा मजकूर सर्वांसमोर जसाच्या तसा वाचून दाखवतात, म्हणून तो लिहायला बसले तेव्हा यजमानांनी कंपनीचे नाव सुचवले आणि मुलीने स्वतःचा हुद्दा. मी "मुलीला नोकरी मिळाल्याबद्दल" एवढेच लिहिले; आतली रक्कम मात्र ठरल्यापेक्षा वाढवली. ती वाढवताना डोळ्यांपुढे देव होता की दान मोजणारे खजिनदार, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.